कॅमेऱ्याच्या डोळ्यातील कुसळ

फिल्मचा कॅमेरा घरोघरी होता त्या काळी छायाचित्रावर एखादा डाग उमटलाच, तर तो त्या एका चित्रापुरता असे. कळ दाबून झाली, चक्री फिरवली, की पुढच्या चित्रासाठी फिल्मचा कोरा तुकडा भिंगामागे येई आणि आधीच्या तुकड्यावर बसलेली धूळ त्याच्याबरोबरच गुंडाळली जाई. प्रत्येक चित्राला नवी पाटी मिळण्याची ही सोय डिजिटल कॅमेऱ्याने काढून घेतली. प्रकाशाची नोंद घेणारा संवेदक, ज्याला आता सगळेच सेन्सर म्हणतात, तो कॅमेऱ्यात एकच असतो आणि कॅमेऱ्याच्या अखेरपर्यंत तोच राहतो. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात भिंग काढले की त्याच्या गाभाऱ्याचे दार उघडते आणि बाहेरची धूळ आत शिरते. आज बसलेला कण उद्याच्या मुंजीच्या चित्रात असतो, पुढल्या महिन्यातील सहलीच्या चित्रात असतो, आणि तोही नेमका त्याच जागी.

समारंभाच्या चित्रात आकाशावर एक करडा ठिपका दिसला, तर त्याने फारसे बिघडत नाही. परंतु अलीकडे आपल्या घरांतून कॅमेऱ्याचा एक निराळाच उपयोग होऊ लागला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांत तांबड्या फडक्यात बांधलेली दप्तरे अजून सापडतात. वाटणीपत्रे, जमाखर्चाच्या वह्या, वंशावळी, पत्रे. कागद इतके जीर्ण झालेले असतात की स्कॅनरच्या काचेवर दाबून धरण्याची सोय नसते. म्हणून घरातील कोणी तरुण मंडळी कॅमेरा तिकाटीवर उलटा बांधून एकेका पानाचे चित्र घेतात. हे काम फार चांगले आहे, व ते लवकर व्हावे. मात्र येथे सेन्सरवरचा ठिपका अक्षराच्या डोक्यावर बसला, तर तो अनुस्वार होतो. ‘भाडे’चे ‘भांडे’ होते. चित्र अधिक ठळक करून छापले, की करड्या ठिपक्याची कडा आणखीच काळी होते आणि शाईचा ठिपका कोणता व धुळीचा कोणता हे सांगणे कठीण जाते. मूळ कागद वाळवीच्या तोंडी गेल्यावर पन्नास वर्षांनी जो कोणी ते चित्र वाचील, त्याला विचारायला कोणी उरलेले नसेल. तेव्हा सेन्सरवरील डागांचा विचार केवळ हौशी छायाचित्रकारांचा राहिलेला नाही.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की आपण ज्याला सेन्सरवरचा डाग म्हणतो तो वस्तुतः सेन्सरवर नसतो. सेन्सरच्या पुढे पातळ काचांचा एक थर कायमचा बसविलेला असतो. अवरक्त किरण अडविणे वगैरे कामे तो करतो. धूळ बसते ती या काचेवर. तिचा पृष्ठभाग आणि सेन्सर यांच्यात, कॅमेऱ्यागणिक कमीजास्त, एक-दोन मिलिमीटरांचे अंतर असते. हे अंतर दोन दृष्टींनी महत्त्वाचे आहे. एक तर, सफाई करताना हात लागतो तो काचेला. त्यामुळे सेन्सर पुसणे म्हणजे उघड्या मेंदूला हात लावणे, ही जी भीती घातली जाते, ती अवास्तव आहे. काचेवर ओरखडा उठला तर मात्र तो पुसून जात नाही आणि ती काच बदलणे हे महागाचे काम असते. म्हणून भीती नसावी, परंतु जपणूक असावी.

दुसरे असे की, या अंतरामुळेच डाग कधी दिसतो आणि कधी दिसत नाही. पुष्कळांना हे कोडे पडते. सायंकाळी दिवाणखान्यात काढलेली चित्रे स्वच्छ, आणि दुपारी उन्हात काढलेल्या चित्रांवर ठिपके. मग दुपारची धूळ रात्री जाते कोठे? ती कोठेही जात नाही. भिंगाचे छिद्र मोठे उघडलेले असते तेव्हा सेन्सरच्या प्रत्येक बिंदूकडे प्रकाशाचा रुंद सुळका येतो. काच दोन मिलिमीटर पुढे आहे असे धरले, तर एफ/२ या छिद्राला काचेवरील या सुळक्याची रुंदी सुमारे १ मिलिमीटर भरते. एक मिलिमीटरचा विसावा भाग एवढा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरचा कण त्यात आला तर तो प्रकाशाचा जेमतेम चारशेवा हिस्सा अडवितो. डोळ्याला कळतही नाही. तेच छिद्र एफ/१६ इतके लहान केले की सुळका ०.१२५ मिलिमीटरचा होतो आणि तोच कण प्रकाशाचा जवळजवळ सहावा हिस्सा अडवितो. कागदपत्रे टिपताना कागदाच्या सुरकुत्या कडेपर्यंत स्पष्ट याव्यात म्हणून छिद्र लहानच ठेवावे लागते. दुर्दैवाने डागांनाही तेच हवे असते.

यातूनच परीक्षा करण्याची रीत निघते. भिंगाचे छिद्र एफ/१६ किंवा एफ/२२ करावे. प्रकाशाची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, सर्वांत कमी ठेवावी. पांढऱ्या भिंतीसमोर किंवा निरभ्र आकाशाकडे कॅमेरा धरून फोकस मुद्दाम बिघडवावा, आणि चित्र घेताना कॅमेरा किंचित हलवावा. भिंतीवरचे डाग हलून पुसट होतात. कॅमेऱ्यातले मात्र कॅमेऱ्याबरोबरच हलत असल्याने जागीच राहतात. हे चित्र संगणकावर पूर्ण आकारात उघडून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावे. दुसरे भिंग लावूनही ठिपका त्याच जागी असेल, तर तो या काचेवरच आहे. भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावर कितीही धूळ दिसली तरी ती असे टोकदार ठिपके सहसा उमटवीत नाही. ती पुसून पुसून भिंगाचा लेप मात्र लोक खराब करतात.

आता तो डाग काचेवर कोठे शोधायचा? भिंगातून येणारे चित्र सेन्सरवर उलटे पडते हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून बरेच जण डावेउजवे आणि वरखाली दोन्ही फिरवून भलत्याच कोपऱ्यात शोध घेतात. आपण कॅमेऱ्याच्या समोरून आत पाहत असतो हे ते विसरतात. समोरून पाहताना डावेउजवे पुन्हा एकदा उलटते आणि मूळ पदावर येते. तेव्हा चित्रात वर डावीकडे दिसणारा ठिपका कॅमेरा सरळ धरून समोरून पाहिले असता खाली डावीकडे सापडेल. फक्त वरचे खाली करायचे.

काही ठिपके धुळीचे नसतातच. अंधारात दीर्घ काळ घेतलेल्या चित्रात तांबडा, निळा किंवा पांढरा झगझगीत बिंदू दिसला तर तो सेन्सरच्या एखाद्या घटकाचा दोष आहे. तेथे फुंकर व फडके दोन्ही निरुपयोगी. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावून पाहताना दिसणारा, पण चित्रात न उमटणारा कण वरच्या पडद्यावर असतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. आणि मोबाइल फोनच्या चित्रातील डाग बहुतेक वेळा बाहेरच्या काचेवरच्या बोटांचे असतात. मऊ फडक्याने ते जातात. नाही गेले, तर फोन घरी उघडू नये.

कोरड्या धुळीसाठी कॅमेऱ्याने स्वतःच उपाय शोधला आहे. २००३ साली ऑलिंपस कंपनीच्या ई-१ या कॅमेऱ्यात ही काच अतिसूक्ष्म कंपनांनी थरथरवून धूळ झटकण्याची योजना प्रथम आली. पुढे इतरांनीही ती आपापल्या परीने स्वीकारली. कॅमेरा सुरू वा बंद करताना अनेकदा ही झटकणी आपोआप होते. ती पुरी पडली नाही तर रबरी फुग्याचा ब्लोअर घ्यावा. विद्युत्‌घट पूर्ण भरलेला असावा, कॅमेरा ‘सेन्सर सफाई’च्या स्थितीत ठेवावा, आणि त्याचे तोंड खाली करून, म्हणजे सुटलेली धूळ पुन्हा आत न पडता जमिनीकडे जाईल अशा रीतीने, आठ-दहा जोरदार झोत मारावेत. ब्लोअरचे टोक आत खुपसू नये. विद्युत्‌घटाबद्दल आग्रह अशासाठी, की आरशाच्या कॅमेऱ्यात सफाई चालू असताना वीज संपली तर आरसा खाली येतो आणि शटर मिटते. त्या वेळी आत काही असेल तर शटरचे पाते वाकते.

तोंडाने फुंकर मारू नये. आजीने डोळ्यातले कुसळ पदराच्या बोळ्याने आणि फुंकरीने काढले असेल. येथे मात्र फुंकरीबरोबर थुंकीचे शिंतोडे जातात आणि कोरड्या कणाच्या जागी ओला डाग मिळतो. डब्यात दाबून भरलेल्या हवेचाही मोह टाळावा. तिच्यातून द्रवरूप वायूचा फवारा निघाला तर काचेवर जो थर बसतो तो मूळ धुळीपेक्षा चिवट असतो. एवढे पथ्य पाळले, तर बहुतेक घरगुती धूळ येथेच संपते.

राहिले हट्टी डाग. यांच्याशी वागण्यापूर्वी त्यांची जात ओळखावी लागते, आणि या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरातील अनुभव छायाचित्रणाच्या पुस्तकांपेक्षा अधिक कामाचा आहे. तेलाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, मिठाचा जातो. पिठावर पाणी पडले की त्याची खळ होते. हेच सारे येथे आहे, फक्त सूक्ष्म प्रमाणात.

खळीचे उदाहरण गुलालाचे. इंदुरात रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरातून गेर निघते, तेव्हा टँकरमधून रंगाचे पाणी आणि यंत्रांतून गुलाल असे दोन्ही एकदमच उडत असते. गणेशविसर्जनाच्या मिरवणुका तर आपल्या बहुतेक गावांत आहेत. हल्लीच्या गुलालात बहुधा मक्याचे पीठ असते. ते कोरडे असेपर्यंत झटकून निघते. ओलसर झाले की चिकटते. म्हणून अशा दिवसानंतर कॅमेरा आधी बाहेरून कोरड्या कुंचल्याने स्वच्छ करावा, मगच भिंग काढावे, आणि आत रंग दिसला तरी पहिला उपाय ब्लोअरचाच करावा. घाईने ओले फडके लावणारा माणूस आपल्या हातांनी खळ तयार करतो. मिरवणुकीत भिंग बदलणे तर टाळावेच. फुलांच्या बागेतील परागकणही याच जातीचे. ते मुळातच चिकट असतात आणि फुंकरीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी चिकट रबराचे छोटे बोंड लावलेली काडी मिळते. ती काचेवर टेकवावी, उचलावी, बरोबर येणाऱ्या चिकट कागदावर टेकवून स्वच्छ करावी, पुन्हा टेकवावी. ओढू नये, घासू नये.

तेलाचा डाग पुष्कळदा कॅमेऱ्याच्या पोटातूनच येतो. शटरच्या हलत्या भागांवरील वंगणाचा सूक्ष्म तुषार काचेवर उडतो आणि कडेला गोल, पारदर्शक, फिकट कंकणासारखे ठिपके उमटतात. निकॉन कंपनीचा डी ६०० हा कॅमेरा सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झाला. थोड्याच महिन्यांत अनेक ग्राहकांना चित्राच्या वरच्या डाव्या बाजूस ठिपक्यांची गर्दी दिसू लागली. पुसावेत, की काहीशे चित्रांनंतर पुन्हा हजर. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याचा सुधारित भाऊ डी ६१० आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने, हमीची मुदत संपली असली तरी, तपासणी, सफाई आणि जरूर तर शटर बदलून देण्याचे काम विनामूल्य करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्राहकदिनाच्या कार्यक्रमात चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हे प्रकरण मांडल्यावर तेथे त्या कॅमेऱ्याची विक्री थांबवावी लागली. ही हकीगत एवढ्यासाठी सांगितली, की डाग वारंवार त्याच भागात येत असेल तर दोष पुसणाऱ्याच्या हाताचाच असतो असे नव्हे.

मिठाचा डाग गोव्याच्या आणि एकूणच किनाऱ्याच्या वाचकांना ठाऊक असेल. समुद्रावर भिंग बदलताना खाऱ्या तुषाराचा एखादा कण आत जातो, पाणी उडून जाते आणि मिठाचा कडक ठिपका राहतो. सेन्सरच्या सफाईसाठी मिळणारे अनेक द्रव मिथेनॉलचे असतात. ते तेल उत्तम काढतात व चटकन उडून जातात. परंतु मीठ पाण्यात जितके विरघळते त्या मानाने मिथेनॉलमध्ये फारच थोडे विरघळते. म्हणूनच चार-चार वेळा पुसूनही तो डाग जेथल्या तेथे राहतो आणि माणूस चिडून जोर लावतो. तेथे जोराचे काम नाही. सेन्सरसाठीच तयार केलेला, पाण्याचा अंश असलेला द्रव आधी वापरावा आणि राहिलेले ओघळ मिथेनॉलने टिपावेत. पहिल्या सफाईत द्रव जास्त झाल्याने वाळून राहिलेले थेंबही असेच दोन टप्प्यांत जातात. आमच्या पाहण्यात आलेले कित्येक हट्टी डाग मूळचे नसून आधीच्या सफाईचेच होते.

ओली सफाई करावयाची ती अशी. सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब घ्यावा. मोठ्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या सेन्सरला २४ मिलिमीटरचा, लहान एपीएस-सी सेन्सरला १६ मिलिमीटरचा. आधी ब्लोअर अवश्य मारावा, कारण वाळूचा एक कण स्वॅबखाली सापडला तर तोच काचेवर रेघ ओढतो. स्वॅबच्या कडेवर द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून ते मुरू द्यावेत. कड ओलसर हवी, निथळती नव्हे. एका कडेला टेकवून, हलक्या एकसारख्या दाबाने, न थांबता दुसऱ्या कडेपर्यंत न्यावा. मग उलटवून दुसऱ्या धारेने परत आणावा. झाले. तो स्वॅब टाकून द्यावा. महाग आहे म्हणून त्याच स्वॅबने पुन्हा पुसणे ही खरी उधळपट्टी होय. मध्येच थांबून एखादाच डाग चोळला, तर भोवती वर्तुळ राहते. पुन्हा परीक्षेचे चित्र घ्यावे, आणि जरूर तरच दुसरा स्वॅब घ्यावा. हात थरथरला तरी चित्र स्थिर यावे म्हणून ज्या कॅमेऱ्यांत सेन्सर स्वतःच हलतो, त्यांच्या बाबतीत माहितीपुस्तिका आधी वाचावी. तो दाबाखाली सरकतो.

मिथेनॉल विषारी आहे आणि झटकन पेट घेते. मुलांच्या हाती लागू नये, खोलीत वारा खेळता असावा, आणि जवळ समई वा उदबत्ती नसावी. त्याऐवजी औषधाच्या दुकानातील स्पिरिट, नखांचा रंग काढण्याचा द्रव, चष्मा पुसण्याचा फवारा असे घरगुती पर्याय सुचविणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. वाळल्यावर मागे राहणारे इतर पदार्थ हीच येथे अडचण आहे. कापूसही नको, त्याचे तंतू सुटतात.

तरीही काही डाग जात नाहीत, आणि ते कधी जाणारच नाहीत हे ओळखणे हाही सफाईचाच भाग आहे. ओरखडा असेल तर त्याची रेघ प्रत्येक सफाईनंतर तशीच, तितकीच स्पष्ट असते. दमट हवेत कॅमेरा महिनोन्‌महिने कातडी पिशवीत बंद राहिला तर भिंगावर, क्वचित आतल्या काचेवरही, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. ती पुसली तरी खाली लेप खाल्लेला असतो. काचांच्या थरांमध्येच शिरलेला कण बाहेरून पोचण्यासारखा नसतो. दोन जातींच्या द्रवांनी दोन-दोनदा पुसूनही ठिपका तसूभर हलला नाही, आकारानेही बदलला नाही, तर हात आवरावा आणि कॅमेरा कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीकेंद्राकडे द्यावा. पाचव्या आणि सहाव्या वेळी जे काही होते ते बहुधा नुकसानच.

बुरशीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवण्याची एक पद्धत घरोघर ऐकू येते. तांदळाला कोंड्याची बारीक पूड असते; ती कॅमेऱ्यात शिरली की एक संकट टाळताना दुसरे घरात आणल्यासारखे होते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलचे दाणे, एवढे पुरते. निळे दाणे गुलाबी झाले, की त्यांनी आपले काम पुरे केले. ते तापवून वाळवावेत.

कोणी विचारील, संगणकावर एका टिचकीसरशी ठिपका नाहीसा होतो, मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि घरगुती चित्रांपुरते उत्तरही तेच आहे. आकाशावरील दोन-चार ठिपक्यांसाठी सेन्सरला हात लावू नये. संगणकावर ते पुसावेत. पण संगणक डाग काढतो म्हणजे काय करतो? तेथे खरे काय होते ते त्याला ठाऊक नसते; शेजारच्या रंगावरून तो अंदाजाने जागा भरतो. आकाशाच्या जागी आकाश भरले तर हरकत नाही. जुन्या दस्तऐवजात अक्षराच्या शेजारी अशी भर पडली, तर ती कोणाच्या हेतूविना झालेली खाडाखोड ठरते. शिवाय ठिपक्याबरोबर खराखुरा अनुस्वारही पुसला जाण्याचा धोका असतो. म्हणून कागदपत्रांचे काम हाती घेण्यापूर्वी सेन्सर स्वच्छ करावा, आणि चित्रांतील ठिपके संगणकावर मुळीच काढू नयेत.

तरीही धूळ बसणारच, कारण जुनी दप्तरे सोडताना खोलीत जेवढी धूळ उडते तेवढी रस्त्यावरही उडत नसेल. यावर एक साधी तजवीज आहे. दिवसाचे काम सुरू करताना, आणि मग दर पन्नासेक पानांनंतर, त्याच प्रकाशात, त्याच छिद्राने आणि कॅमेरा त्याच उंचीवर ठेवून, एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचे चित्र घ्यावे. जेवणानंतर पुन्हा काम सुरू करताना एक, आणि संपवताना एक. प्रत्येक वेळी कागद थोडा फिरवून ठेवावा, म्हणजे कागदाचाच एखादा डाग असला तर तो जागा बदलील. ही कोरी चित्रे निरुपयोगी म्हणून काढून टाकू नयेत. बाकीच्या पानांबरोबर, त्याच क्रमांकांच्या मालिकेत, ती तशीच जपून ठेवावीत, आणि सोबत कॅमेरा, भिंग, छिद्र आणि तारीख लिहिलेली एक चिठ्ठी असावी. पुढे कोणाला ‘भाडे’ की ‘भांडे’ अशी शंका आली, तर त्याने त्या पानाच्या आधीचे आणि नंतरचे कोरे चित्र काढून तीच जागा पाहावी.